सापांचा रॅक: बिघडला तर गार पडावा, तापू नये

पुण्यात सापांसाठी हीटिंग लागतं म्हटलं की लोक हसतात, म्हणतात अरे इथे माणसं उकडून निघतायत आणि तू सापाला हीटर लावतोस? पण ज्यांनी डिसेंबर-जानेवारीत पहाटे साडेपाचला पाषाणकडून गाडी काढलीये त्यांना विचारा. दिवसा २९-३० आणि पहाटे १०, कधी त्याच्याही खाली, हा एवढा फरक एका दिवसात. आपण स्वेटर घालतो काढतो, सापाला ती सोय नाही, त्याच्या शरीराची उष्णता बाहेरूनच यायला लागते, आणि ती मिळाली नाही की पहिलं पचन बंद पडतं. पोटात उंदीर आहे आणि ऊब नाही म्हणजे दोन-तीन दिवसांनी तो उंदीर अर्धवट सडलेला परत बाहेर. ज्याने तो वास एकदा घेतलाय तो थर्मोस्टॅटवर, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला हीटर चालू-बंद करणाऱ्या यंत्रावर, पैसे वाचवायच्या भानगडीत पडत नाही.

मी बांधलेल्या रॅकचा फोटो बघून बऱ्याच जणांनी विचारलं की काय कसं केलंस, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतोय. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी कायद्याचं, कारण हे न सांगता पुढे गेलो तर कोणीतरी शेतातली धामण उचलून आणायचा. आपल्याकडचे साप घरात ठेवता येत नाहीत. नाग, धामण, अजगर, मांडूळ, काहीही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यात जेलची तरतूद आहे, 'मी त्याला वाचवलं म्हणून ठेवलं' हे चालत नाही. घरात साप निघाला तर वनविभागाची १९२६ हेल्पलाईन आहे, तिथे फोन करायचा. माझ्याकडे आहेत ते परदेशी, दोन बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक. बॉल पायथन पश्चिम आफ्रिकेतला, घाना-टोगो-बेनिनकडचा, आणि तो सायटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात येतो, म्हणून २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आला आणि २०२४ च्या नियमांनुसार त्याची परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कागद नसलेला साप स्वस्तात मिळतोय म्हणून कोणी सांगत असेल तर सरळ उठून निघून या. कॉर्न स्नेक अमेरिकेच्या आग्नेय भागातला, तो सायटिसमध्ये नाही, पण बिल मी त्याचंही जपून ठेवलंय.

बाकी पुण्याला सापांचं वेड नवीन नाही म्हणा. १९८० मध्ये नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत राहिले होते ते याच गावात, आणि पुढे १९८६ ला कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं त्यातही तेच होते. माझ्या पिढीतल्या प्रत्येक पोराची सहल एकदा तरी तिथे गेलेली आहे. त्यामुळे नातेवाईक 'साप पाळतो' म्हटल्यावर जेवढे बिचकायला पाहिजेत तेवढे बिचकत नाहीत, निदान पुण्यातले.

तर रॅक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रॅक म्हणजे खणांचं कपाट, प्रत्येक खणात एक प्लास्टिकचा टब सरकवायचा, टबला झाकण नसतं, वरच्या खणाची फळी हेच झाकण. मागच्या बाजूला फळीत हीटिंग असतं, पुढची बाजू गार राहते, साप त्याला पाहिजे तिथे जाऊन बसतो. एवढंच. याच्यावर टीका पण बरीच होते की हे कपाटात कोंबलेले साप झाले, आणि त्यात तथ्य आहे, मी नाही म्हणणार नाही. सापाला अंग सरळ लांब करता आलं पाहिजे हे माझं साधं मोजमाप आहे, त्यामुळे माझे चौघे अजून लहान आहेत तोवरच हा रॅक, पुढे त्यांना मोठी व्हिव्हेरियम, म्हणजे काचेची मोठी घरं, लागणार आणि मग हा रॅक आजारी साप वेगळा ठेवायला किंवा नवीन आलेल्याच्या क्वारंटाईनला. बॉल पायथनची पिल्लं मात्र मोठ्या उघड्या टाकीत बावरतात, खाणं सोडतात, अंधाऱ्या अरुंद जागेत शांत बसतात. आणि पुण्याच्या फ्लॅटमध्ये, जिथे भिंती सहा इंची आणि खिडक्यांच्या फटीतून वारा येतो, तिथे अख्खी खोली गरम ठेवणं म्हणजे वेडेपणा आहे, छोटी जागा गरम ठेवणं सोपं.

लाकडापासून सुरुवात करतो. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड, नको. दुकानदार गळ्यात मारेल, स्वस्त आहे, गुळगुळीत आहे, पण पावसाळ्यात आपल्याकडे एमडीएफ फुगतो आणि इथे तर आत पाण्याचं भांडं असणार, ते साप उलटं करणार, म्हणजे करणारच. मरीन प्लाय चांगला पण जड आणि महाग आणि वाळवीची धाकधूक कायम. देवदार वगैरे वासाचं लाकूड अजिबात नको, त्याच्या वासातले घटक सापाच्या श्वासाला त्रास देतात, भुसा म्हणूनही ते वापरायचं नाही. मी शेवटी डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुगा आणि प्लास्टिक मिळून केलेला) बोर्ड घेतला, १८ एमएमचा, हल्ली किचन ट्रॉलीला वापरतात तोच. पाणी लागत नाही, वाळवी लागत नाही, फिनेलचा फडका मारला की स्वच्छ (फडका मारल्यावर साप परत ठेवायच्या आधी साध्या पाण्याने पुसून पूर्ण वाळवायचं हं, फिनेलचा वास सापाला चालत नाही). एक तोटा, स्क्रू प्लायएवढे घट्ट धरत नाहीत, म्हणून आधी बारीक होल पाडून मग लांब स्क्रू.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून बोर्ड घेतला आणि आमच्या नेहमीच्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांना कागदावर चित्र काढून दाखवलं. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "दादा, ड्रॉवरला चॅनेल कुठेय?" म्हटलं काका, चॅनेल नाहीये, टब नुसता फळीवर सरकणार. "मग वर फट किती सोडू? बोटभर?" म्हटलं दोन एमएम. काकांनी पेन्सिल कानामागे ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं की याला कामातलं काही कळत नाही. "दोन एमएममध्ये टब घासणार, आवाज येणार, तुम्हीच मग फोन करणार." मग सांगितलं की आत काय राहणार आहे. ते दोन पावलं मागे सरकले, मग म्हणाले, "दीड एमएम करतो." आणि खरंच इतकं सरळ काम केलं की टब सरकताना नुसता कागदावरून कागद गेल्यासारखा आवाज येतो.

ही फट हा विषय हसण्यावारी न्यायचा नाही. कॉर्न स्नेकचं पिल्लू पेन्सिलीएवढं असतं, जिथे त्याचं डोकं जातं तिथून सगळं अंग जातं. आणि साप सुटला तर नुकसान आपलं होत नाही, त्याचं होतं. बॉल पायथन बघा जरा परक्या डोळ्याने, जाडजूड अंग, तपकिरी ठिपके, आखूड शेपटी. सोसायटीच्या वॉचमनला तो घोणसच दिसणार, आणि घोणस दिसली की काठी आली. त्यामुळे फट बारीक ठेवलीच, शिवाय पुढून एक ॲल्युमिनियमचा अँगल उभा लावलाय, वरपासून खालपर्यंत, सगळे टब एकदम अडवतो, आणि त्याला कडी. बॉल पायथन मोठा झाला की डोक्याने टब पुढे ढकलू शकतो, नुसत्या घर्षणावर विसंबायचं नाही.

मापं साधारण सांगतो. टब ६५ सेंटिमीटर लांब, ४२ रुंद, १७ उंच. लांब बाजू आत, म्हणजे मागे गरम आणि पुढे गार यात अंतर मिळतं. आधी टब घ्यायचे, मग रॅक बांधायचा, उलटं करायचं नाही, कारण टबांची मापं कंपनी कधीही बदलते आणि मग त्याच मापाचा टब शोधत फिरत बसा. म्हणून दोन टब जास्तीचे घेऊन ठेवलेत. बोहरी आळीत एका दुकानात मिळाले, तुळशीबागेत पण बघितले होते पण तिथले टब खाली अरुंद वर रुंद होते आणि तसले टब फळीला मागे नीट टेकत नाहीत. टबच्या तळाला उंचवटे, पाय, चाकं काही नको, तळ सपाट फळीला चिकटला पाहिजे, मध्ये हवेची पोकळी राहिली की गरमी वर पोचतच नाही आणि मग आपण थर्मोस्टॅट वाढवत बसतो.

हवेची भोकं सोल्डरिंग आयर्नने पाडली, ड्रिलने प्लास्टिकला चीर जाते. आतून बाहेर पाडायची, म्हणजे खरखरीत कड बाहेरच्या बाजूला येते, तरीही आतून बोट फिरवून बघायचं आणि टोचलं तर घासायचं, कारण साप रात्रभर त्या भोकांवर नाक घासत फिरतो. धूर होतो, गॅलरीत बसून करा. मी टब घेऊन बसलो तो नेमका नागपंचमीचा दिवस होता, माझ्या लक्षातच नव्हतं, आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, "अरे आज चिरायचं नाही, तळायचं नाही, भोकं कसली पाडतोस?" म्हटलं आई हे नागोबाचंच घर आहे. ती म्हणाली असू दे, उद्या पाड. आणि प्लग काढून घेऊन गेली. संध्याकाळी पुरणाची दिंडं खाल्ली आणि टब दुसऱ्या दिवशी. (दूध कोणी देऊ नका, साप दूध पीत नाही, आईला आता हे पटलंय, ती स्वतःच शेजारणींना सांगते.)

भोकं किती पाडायची याचं उत्तर पुण्यात वर्षभर एक राहत नाही. जुलैत हवेतच इतकी ओल असते की भोकं कमी असली तर टबाच्या भिंतींना पाणी सुटतं, आणि एप्रिलमध्ये हवा अशी कोरडी ठणठणीत की बॉल पायथन कात तुकड्यातुकड्यात टाकायला लागतो. त्याला ५५ ते ६५ टक्के आर्द्रता हवी, कात टाकताना थोडी जास्त. मी भोकं पावसाळ्याच्या हिशोबाने जास्त पाडली आणि उन्हाळ्यात निम्मी टेपने बंद करतो. टेप बाहेरून! आतून कधीच नाही. चिकटपट्टी सापाच्या अंगाला चिकटली की खवल्यांसकट निघते, अगदी वाईट प्रकार असतो.

आता हीटिंग. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तुम्हीही घालवा.

परदेशात लोक हीट टेप वापरतात, प्लास्टिकची पट्टी, आत काळा कार्बन, फुटाच्या हिशोबाने कापून मिळते. माझा भाचा न्यू जर्सीला असतो, त्याने मोठ्या प्रेमाने एक रोल आणला. रोलवर बारीक अक्षरात १२० व्होल्ट. इथे थांबायचं. आपल्या घरात २३० व्होल्ट येतात, आणि वॅट हे व्होल्टच्या वर्गाने वाढतात, म्हणजे दुप्पट व्होल्टला दुप्पट वॅट असं होत नाही. २३० भागिले १२०, त्याचा वर्ग, जवळजवळ ३.७. जी पट्टी तिकडे २० वॅट देते ती इथे ७० च्या वर देणार. प्लास्टिकची पट्टी, बंद फळी, वर प्लास्टिकचा टब आणि त्यात एक जीव जो उठून स्विच बंद करू शकत नाही. भाच्याला थँक्यू म्हटलं आणि रोल माळ्यावर. ट्रान्सफॉर्मर लावून चालतं, पण एक दिवस कोणीतरी घरातलं ती पिन भिंतीत खुपसणार, हे मला आमच्या घराचा इतिहास माहीत असल्यामुळे ठामपणे सांगता येतं.

मी २३० व्होल्टचीच सिलिकॉनची हीटिंग केबल घेतली, ५० वॅटची, साधारण सात मीटर. ही केबल कापायची नाही आणि एकमेकांवरून जाऊ द्यायची नाही, जिथे ओलांडते तिथे दुप्पट तापते. काकांकडून प्रत्येक फळीच्या मागच्या भागात राउटरने (लाकडात खाच पाडायचं मशीन) खाच मारून घेतली, केबल त्यात पूर्ण बसेल एवढी खोल, वर ॲल्युमिनियमची टेप, म्हणजे गरमी पसरते आणि टब सपाट बसतो. टबच्या लांबीच्या मागच्या एक तृतीयांश भागातच खाचा, पूर्ण तळ तापवला तर सापाला पळायला जागा राहत नाही. गरम हवा वर जाते म्हणून वरचे खण तसेही गरम राहतात, याचा फायदा घेतला, खालच्या दोन खणांत केबलच्या तीन ओळी आणि वरच्या दोनांत चार. वर बॉल पायथन, त्यांना गरम कोपरा ३१-३२ लागतो. खाली कॉर्न, त्यांना २९ पुरे. सगळ्यात खालचा खण जमिनीपासून वीतभर वर, कारण जानेवारीत फरशी बर्फासारखी असते.

आणि आता मुद्द्याचं. हीटर केवढा घ्यायचा? बरेच जण म्हणतात मोठाच घ्या, थर्मोस्टॅट आहे ना, तो सांभाळेल. मला हे अजिबात पटत नाही. थर्मोस्टॅट म्हणजे शेवटी एक रिले आहे, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, सतत चालू बंद होणारा, आणि रिले मरतो तेव्हा बऱ्याचदा चिकटून मरतो, म्हणजे चालूच राहतो. त्या रात्री तुम्ही लोणावळ्याला असता. थंडीने साप एका रात्रीत मरत नाही, गारठतो, सुस्त पडतो, जास्त दिवस चाललं तर छातीत कफ होतो, नाकातून बुडबुडे येतात, डॉक्टरकडे न्यावं लागतं, पण वेळ मिळतो. उष्णतेने वेळ मिळत नाही. आणि साप पोट भाजेपर्यंत तापलेल्या जागी बसून राहू शकतो. म्हणून रॅक बिघडणार हे धरून चालायचं, आणि बिघडला तर तो गार पडावा अशीच जोडणी करायची.

ते असं केलं. साप आत ठेवायच्या आधी, रिकाम्या रॅकमध्ये थर्मोस्टॅट न लावता केबल थेट चालू करून रात्रभर सोडली. टबमध्ये वर्तमानपत्र, पाण्याचं भांडं, सगळं खऱ्यासारखं. खोली २३ होती, सकाळी वरच्या टबचा तळ ३८. म्हणजे खोलीपेक्षा १५ जास्त. हा १५ चा आकडा महत्त्वाचा, ३८ नाही, कारण केबलला खोली किती गरम आहे ते माहीत नसतं, ती तिचे १५ वर चढवत राहते. जानेवारीत आमची आतली खोली खिडक्या बंद ठेवून १८ पर्यंत उतरते, १८ अधिक १५ म्हणजे ३३, बॉल पायथनला पुरतं, बस, याहून मोठा हीटर कशाला? आणि मेमध्ये तीच खोली ३६ जाते. ३६ अधिक १५. एक्कावन्न! ५१ म्हणजे साप शिजला. हिवाळ्यात टेस्ट केलेला, 'फेल झाला तरी ३८ च्या वर जात नाही' म्हणून निश्चिंत असलेला रॅक एप्रिलमध्ये भट्टी होतो. शंभर वॅटची केबल असती तर हिशोब तुम्हीच करा.

म्हणून दोन गोष्टी. एक, केएसडी ३०१ नावाचं नाण्याएवढं बायमेटल कटआऊट मिळतं, ठरावीक तापमानाला वीज तोडणारं, गिझर-इस्त्रीवाल्यांकडे असतं तसं, पसोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सहज मिळेल, अगदी किरकोळ पैशात. ४५ डिग्रीचं, 'नॉर्मली क्लोज्ड' (एरवी वीज जाऊ देणारं, तापलं की तोडणारं) सांगून घ्यायचं, नाहीतर दुकानदार उलट्या प्रकारचं देतो. ते केबलच्या सिरीजमध्ये, म्हणजे केबलची वीज त्यातूनच जाईल असं, सगळ्यात गरम म्हणजे वरच्या खणात, टबच्या खाली. थर्मोस्टॅट मेला तरी हे स्वतः वीज तोडतं. ४० चं पण मिळतं पण यांच्यात काही डिग्री इकडेतिकडे होतंच, ४० वालं ३६ लाच उडालं तर हिवाळ्यात रोजची कटकट. दोन, मार्च संपत आला की केबलची पिन सॉकेटमधून काढून ठेवतो. स्विच बंद नाही, पिन काढून. जूनमध्ये पाऊस नीट पडला की परत.

थर्मोस्टॅट एसटीसी १०००, अंडी उबवणारे लोक वापरतात तोच, हजार रुपयांच्या आत येतो, टपकीर गल्लीत विचारा नाहीतर ऑनलाईन. दिसायला कामाचा आहे पण डब्यात बसवून घ्यावा लागतो, मागचे स्क्रू २३० व्होल्टवर उघडे असतात, तसाच फळीवर ठेवू नका. त्यात फरकाचं सेटिंग असतं, एफ २, ते मी अर्ध्या डिग्रीवर ठेवलंय, तीनवर ठेवलं तर रिले कमी वेळा वाजतो पण तापमान झोके खात राहतं. सेन्सर टबच्या आत ठेवायचा मोह होतो, नको. साप तो ओढून पुढच्या गार कोपऱ्यात नेतो, मग थर्मोस्टॅटला वाटतं थंडी पडलीये आणि तो हीटर चालूच ठेवतो, किंवा साप त्याच्यावर शी करतो आणि मग काय वाचन येईल ते देवाला माहीत. सेन्सर फळीवर, टबच्या खाली, खाचेच्या वर, आणि वायर स्क्रूच्या क्लिपने पक्की, टब काढता घालता हलता कामा नये. फळीचं तापमान टबच्या आतल्यापेक्षा दोन-तीन डिग्री जास्त असतं, म्हणून फळीला ३४ सेट केलं की आत ३१-३२ येतं. हा फरक प्रत्येक टबला वेगळा, प्लास्टिकच्या जाडीवर, आतल्या कागदावर. मोजायचंच.

मोजायला इन्फ्रारेड गन. कोविडमध्ये घेतलेली कपाळाला लावायची गन आता सगळ्यांच्या घरात पडून आहे, ती चालत नाही, ती माणसाच्या तापासाठी हिशोब जुळवून आकडा दाखवते. इंडस्ट्रियल वाली घ्या. आणि ती चकचकीत ॲल्युमिनियम टेपवर रोखली तर भलताच कमी आकडा येतो, चमकदार पृष्ठभाग तिला फसवतो, टबमधल्या वर्तमानपत्रावर रोखा. खाली मी वर्तमानपत्रच घालतो, महागडं काही नाही, घाण झालं की गुंडाळून फेकायचं, आणि आजारी पडला तर शी कशी आहे ते स्पष्ट दिसतं. बॉल पायथनच्या टबमध्ये एका कोपऱ्यात ओलसर कोकोपीट. बाबा म्हणतात पुरवण्या तरी मी वाचल्यावर घाल.

खालून ऊब दिली म्हणजे हवा गरम होत नाही हे पण लक्षात ठेवा. मागे ३२ असलं तरी पुढे खोलीचंच तापमान, जानेवारीत १८-१९, कॉर्नला चालून जातं, बॉल पायथनला ते गार आहे. त्यासाठी पत्र्याच्या शेडखाली लावतात तो चंदेरी बबल फॉइल रॅकच्या दोन्ही बाजूंना, मागे आणि वर बाहेरून लावला, पुढची बाजू मोकळी. हीटर तोच ठेवून पुढचं तापमान २३-२४ पर्यंत आलं. फॉइल लावल्यावर मात्र ती रिकाम्या रॅकची रात्रभरची टेस्ट परत करायची, कारण तो १५ चा आकडा आता १५ राहत नाही, माझा १७ झाला, म्हणजे मेमध्ये ५३. म्हणून पिन काढायची ती काढायचीच, आणि मार्चमध्ये फॉइल पण.

वीज फारशी जात नाही. ५० वॅट पूर्ण वेळ चाललं तरी दिवसाला १.२ युनिट, थंडीत साधारण निम्मा वेळ चालू असतं, महिन्याला १८-२० युनिट धरा. लाईट जाण्याचं म्हणाल तर गुरुवारी देखभालीसाठी जाते ती दिवसा, तेव्हा ऊन असतं, काही बिघडत नाही. रात्री गेली तर घरच्या इन्व्हर्टरवर ५० वॅट काहीच नाही. आरसीसीबी (वीज गळती झाली की लगेच लाईन तोडणारा स्विच) मात्र हवाच, ३० मिलिअँपिअरचा, पाण्याचं भांडं आणि २३० व्होल्ट एकाच फळीच्या वर-खाली आहेत, आणि जुन्या इमारतीत तिसऱ्या पिनेला अर्थिंग खरंच आहे का ते इलेक्ट्रिशियनला मीटर लावून बघायला सांगा, नुसतं भोक असणं म्हणजे अर्थिंग नव्हे. मांजर-पाल-मुंग्या यांचंही बघा, आमच्याकडे मुंग्यांना ती ऊबदार खाच फार आवडली होती, रॅकच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्यावर थांबल्या.

उन्हाळ्याचं अजून माझं पूर्ण सुटलेलं नाही. थर्मोस्टॅट गरम करणं थांबवू शकतो, गार करू शकत नाही, आणि पुण्याची ती 'हवा बदलायला या' वाली हवा आता एप्रिलमध्ये शोधून सापडत नाही. आम्ही वरच्या मजल्यावर, डोक्यावर गच्ची. मार्चमध्ये रॅक पश्चिमेच्या खोलीतून उचलून मधल्या पॅसेजमध्ये नेतो, तिथे दुपारीही दोन-तीन डिग्रीचा फरक पडतो, चाकं लावलीत ती याचसाठी. वाळ्याचा पडदा आणि डेझर्ट कूलर, कोरड्या हवेत कूलर झकास चालतो आणि आर्द्रता फुकट मिळते, बॉल पायथनची कात एप्रिलमध्ये अख्खी येते ती कूलरमुळेच. मातीच्या कुंडीचा अर्धा तुकडा ओला करून लपायला देतो. अगदीच ३६ च्या वर गेलं तर पाण्याच्या बाटल्या फ्रीझरमध्ये गोठवून टबच्या पुढच्या बाजूला बाहेरून टेकवायच्या, आत ठेवायच्या नाहीत. फ्रीझरमध्ये एका बाजूला उंदरांचा डबा, एका बाजूला बाटल्या, त्यामुळे आमच्याकडे आंब्याचा रस साठवायला जागा नाही यावरून दरवर्षी जे काही होतं ते इथे लिहीत नाही. यंदा गच्चीला पांढरा कूल रूफचा रंग मारायचा विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये काढणार आहे, कारण सांगताना सापांचं नाव घेणार नाही.